संथ नेटवरून दूरचा प्रोग्राम चालवायचा आहे: एक्स फॉरवर्डिंग, व्हीएनसी, एक्सटूगो की एक्सप्रा?

सर्व्हर लांब आहे, नेट संथ आहे आणि सर्व्हरवरचा एखादाच ग्राफिकल प्रोग्राम आपल्या स्क्रीनवर हवा आहे. लिनक्सवर काम करणाऱ्यांना ही वेळ कधी ना कधी येतेच. या चारही गोष्टी मी कामासाठी वापरल्या आणि शेवटी एकीवर स्थिरावलो. तुमची लाईन आणि तुमचं काम वेगळं असेल, तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

आधी आपल्या लाईनचं नेमकं दुखणं पाहून घ्या. बँडविड्थ (एका वेळी किती डेटा जातो ते) कमी आहे की पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) जास्त आहे? बरेच जण फक्त स्पीड टेस्टचा आकडा बघतात, पण ग्राफिकल प्रोग्रामचा जीव जातो तो पिंगमुळे. लिनक्सवर खिडक्या दाखवणारा एक्स११ हा प्रोटोकॉल १९८७चा, जवळच्या नेटवर्कवरची मशीन्स डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला. एक्स फॉरवर्डिंग म्हणजे तोच प्रोटोकॉल एसएसएच या सुरक्षित जोडणीतून दूरवर नेणं. त्यात प्रोग्राम आणि डिस्प्ले यांच्यात सतत सवाल-जवाब चालतात आणि पुष्कळदा जबाब आल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नाही. पिंग ३०० मिलिसेकंद असेल आणि सुरू होताना अशा १०० फेऱ्या झाल्या, तर नुसती खिडकी उघडायला अर्धा मिनिट. एसएसएचचं कॉम्प्रेशन चालू केलं की डेटा आटतो, फेऱ्या तेवढ्याच राहतात. शिवाय खिडक्या-बटणं काढून देणाऱ्या जीटीके आणि क्यूटी या लायब्ररींवरचे आजचे प्रोग्राम बरंचसं चित्र स्वतःच रंगवून तयार बिटमॅप पाठवतात, त्यामुळे ‘रेघ काढ, अक्षर लिही’ अशा छोट्या आज्ञा पाठवण्याचा एक्सचा जुना फायदाही फारसा उरलेला नाही.

तरीही एक्स फॉरवर्डिंगला मी लगेच मोडीत काढणार नाही. वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि जुन्या धाटणीची साधी खिडकी पाच मिनिटांसाठी उघडायची असेल तर ते पुरतं. फक्त एसएसएचच्या आज्ञेतल्या कॅपिटल एक्स (-X) आणि कॅपिटल वाय (-Y) या दोन पर्यायांतला फरक लक्षात असू द्या. ओपनएसएसएचच्या मूळ सेटिंगप्रमाणे -X ने दिलेली परवानगी २० मिनिटांनी संपते आणि त्यानंतर नवी खिडकी उघडत नाही. वायला ही मुदत नाही, पण मग पलीकडच्या प्रोग्रामला तुमच्या सगळ्या डिस्प्लेत शिरकाव मिळतो, अगदी तुम्ही दाबलेल्या कळांपर्यंत. पूर्ण भरवशाचा सर्व्हर नसेल तर वाय नको.

मला मात्र ते सोडायला लावलं ते संथपणाने नव्हे. जी लाईन संथ असते ती बहुधा तुटतेही. एक्स फॉरवर्डिंगमध्ये लाईन तुटली की प्रोग्राम मरतो. टर्मिनलवर ‘एक्स कनेक्शन ब्रोकन’ अशी एक ओळ येते आणि अर्धवट भरलेला फॉर्म, सेव्ह न केलेला आलेख, तासभर चाललेली गणना, सगळं त्या खिडकीबरोबर जातं. टीमक्समध्ये चालवूनही उपयोग नाही, कारण टीमक्स शेल जिवंत ठेवतो आणि प्रोग्रामचा डिस्प्ले त्याच्या हातात नसतो. हळू उघडणाऱ्या मेनूची सवय होते. कुठल्याही क्षणी सगळं जाईल ही धास्ती घेऊन काम करायची सवय मला झाली नाही, आणि कोणाला व्हावी असंही वाटत नाही.

व्हीएनसी इथे भक्कम आहे. डेस्कटॉप सर्व्हरवरच चालत राहतो, तुम्ही नुसते बघायला येता-जाता. टायगरव्हीएनसी या व्हीएनसी प्रोग्राममध्ये दर्जा आणि कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येतं. अडचण एवढीच, की एका खिडकीसाठी अख्खा डेस्कटॉप ओढून आणावा लागतो आणि दोन डेस्कटॉपमध्ये आल्ट-टॅब कोणाचं यावरून बोटं अडखळतात. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसी पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं धरली जातात, म्हणून ते एसएसएच टनेलमधूनच वापरावं.

एक्सटूगोबद्दल मला आदर आहे. नोमशीन कंपनीच्या एनएक्स ३ या तंत्रावर ते उभं आहे. एक्सचे बरेच सवाल सर्व्हरच्या बाजूलाच निकालात निघतात, एकदा आलेली चित्रं साठवून पुन्हा वापरली जातात. मोडेमपासून लॅनपर्यंत लाईनचा प्रकार निवडता येतो, सेशन थांबवून नंतर पुढे चालू करता येतं. एक्सएफसीई किंवा माते (MATE) यांसारखा पूर्ण डेस्कटॉप हवा असेल तर आधी हेच बघा. पण नव्या ग्नोम डेस्कटॉपशी त्याचं जमत नाही आणि ओपनजीएल (थ्रीडी ग्राफिक्स) लागणारे प्रोग्राम त्यावर अडतात. माझ्या कामातले एक-दोन प्रोग्राम नेमके तसलेच होते.

राहिलं एक्सप्रा, आणि मी वापरतो ते हेच. प्रोग्राम सर्व्हरवरच्या आभासी डिस्प्लेत चालतो आणि त्याची एकेक खिडकी सुटी होऊन आपल्या डेस्कटॉपवर येते, इथल्याच खिडक्यांच्या रांगेत बसते. लाईन तुटली तर खिडकी दिसेनाशी होते, प्रोग्राम पलीकडे चालूच असतो. पुन्हा अटॅच केलं की कर्सर होता त्याच रकान्यात. दुसऱ्या लॅपटॉपवरूनही अटॅच करता येतं, हे मला फार उपयोगी पडलं.

एक्सप्रात मजकूर भराभर स्क्रोल केला की अक्षरं क्षणभर धूसर होतात आणि हात थांबला की स्वच्छ होतात. कारण घाईत असताना ते कमी दर्जाचं चित्र पाठवतं आणि उसंत मिळाली की नेमकं. दिवसभर बारीक अक्षरांचा कोड वाचायचा असेल तर हे डोळ्यांना खुपेल, आणि तेव्हा एक्सटूगो बहुधा बरं वाटेल. चित्र एन्कोड करायला सर्व्हरचा सीपीयूही थोडा जातो. मेनू क्वचित भलत्या जागी उघडतो.

नुसत्या फाइली संपादित करायच्या असतील तर यातलं काहीच नको. एसएसएचएफएसने सर्व्हरवरचा फोल्डर आपल्या मशीनला जोडा आणि एडिटर आपल्याच मशीनवर चालवा.

एक्सप्रा वापरून बघणार असाल तर दोन्हीकडे शक्यतो एकच आवृत्ती ठेवा. डिस्ट्रोच्या भांडारात पुष्कळदा फार जुनी असते, म्हणून प्रकल्पाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून घ्या. एन्कोडिंग सुरुवातीला ‘ऑटो’वरच असू द्या, आणि अक्षरं फारच धूसर वाटली तरच किमान दर्जाचा आकडा थोडा थोडा वाढवत जा.