दानशूर मुंबई वॉक: गोष्टी झकास, पण अफू कुठे गेली? (साडेतीन स्टार)

गेल्या शनिवारी आईला घेऊन फोर्टातला एक हेरिटेज वॉक केला, विषय असा की जुन्या शेठ लोकांनी दानातून मुंबईत काय काय बांधलं, माणशी 600 रुपये. नाव देत नाही, पोरं मेहनती आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. सात म्हणजे सात असं व्हॉट्सॲपवर बजावलं होतं म्हणून आम्ही डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडली आणि गाईडताई उगवल्या साडेसातला.

सुरुवात जीपीओजवळच्या रतनसी मुळजी फाउंटनपासून. कापसाच्या या व्यापाऱ्याने 1894 ला मुलाच्या आठवणीत बांधलेली पाणपोई, वर त्या मुलाचा पुतळा. मी इतकी वर्षं शेजारून धावतपळत गेलोय, मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं. आईला इथेच सगळ्यात जास्त मजा आली. तिच्या गावी चैत्रात पाणपोई घालायचे, रांजणाला ओलं लाल फडकं आणि पाण्यात वाळा, त्यावर कुणाचं नाव नसायचं म्हणे. मग स्वतःच म्हणाली, आता देवळातल्या पंख्याच्या पात्यावर पण कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ असतं, त्यापेक्षा हे बरं.

पुढे एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांची गोष्ट. जुन्या बाटल्यांच्या धंद्यावरून बाटलीवाला म्हणायचे तो माणूस 1842 मध्ये सर झाला, हा किताब मिळालेला पहिला भारतीय. जे.जे. हॉस्पिटल त्यांच्या दानातलं, आर्ट स्कूल त्यांच्या दानातलं, आणि माहीमचा कॉजवे त्यांच्या बायकोच्या, आवाबाईंच्या पैशातून. त्या काळात 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. (पलीकडेच सीलिंक आहे, तिथे टोल भरताना हे आठवणार आता दरवेळी.)

इथपर्यंत मस्त. पण मी विचारलं की एवढा पैसा आला कुठून, तर ताई म्हणाल्या चायना ट्रेड. अहो चायना ट्रेड म्हणजे कापूस आणि अफू ना? तर म्हणे सर तो पार्ट आम्ही स्किप करतो, लोकांचा मूड जातो. हे मला नाही पटलं, कारण पुढे काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीसमोर थांबलो तिथेही तेच. बगदादहून आलेलं ज्यू कुटुंब, पुण्याचं ससून हॉस्पिटल, सगळं रंगवून सांगितलं, अफू परत गायब. चीनमध्ये माणसं त्या नशेत बरबाद होत होती आणि इकडे हॉस्पिटलं उभी राहत होती, ही खरी गोष्ट आहे आणि ती ऐकायला लोक 600 काय 800 पण देतील.

आई मात्र माझ्यावरच उखडली. म्हणाली जे.जे.त मामाचं ऑपरेशन झालं तेव्हा विचारलं होतंस का रे पैसा कुठला? मला काय उत्तर सुचलं नाही. ताई खुश.

शेवट ओव्हल मैदानावरून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. कापसाचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी स्वतःच्या आईच्या नावाने बांधायला पैसे दिले, टॉवरला 2 लाख आणि लायब्ररीला वेगळे 2 लाख. त्यांची आई जैन, डोळ्यांनी दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून घंटा, अशी आख्यायिका ताईंनी इतकी सुंदर सांगितली की एक आजी डोळे पुसत होत्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला होता म्हणून इथे भाव चढले होते, ते युद्ध 1865 ला संपलं, कापसाचे भाव आपटले आणि शेठचं दिवाळं वाजलं, हेही सांगितलं, म्हणजे ठरवलं तर कडू भाग सांगता येतो की! 280 फुटाचा टॉवर पूर्ण झाला तो 1878 ला.

कानात घालायला देतात ते यंत्र खरखरतं, त्यापेक्षा ताईंच्या जवळ चाला. गुडघे दुखणाऱ्यांनी एशियाटिकच्या पायऱ्या जपून. आणि पाण्याची बाटली घरूनच न्या, पाणपोईपासून सुरू झालेल्या वॉकमध्ये अडीच तास कुणी पाणी विचारलं नाही.