ॲपमधला हँडिकॅप आणि क्लबचा हँडिकॅप: काही महिने दोन्ही वापरल्यानंतर

गोल्फच्या ॲपची वर्गणी मी भरली ती ग्रीनपर्यंतचं (खळग्याभोवतीच्या आखूड गवताच्या हिरवळीपर्यंतचं) अंतर कळावं आणि स्कोअर एका जागी राहावेत म्हणून. या दोन्ही कामांत ॲप चोख आहे. अंतर पटकन दिसतं, भर उन्हात स्क्रीन वाचता येते, राउंड (18 होलचा पूर्ण खेळ) संपल्यावर कुठल्या होलवर किती पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, लागले तेही समजतं. तेवढ्याच कामासाठी कुणी घेणार असेल तर खुशाल घ्यावं.

पण ॲप उघडल्यावर सगळ्यात ठळक दिसतो तो हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. माझ्याकडे तो 23.4 दाखवत होता, तर क्लबच्या नोंदीत माझा इंडेक्स, म्हणजे अधिकृत हँडिकॅप, 20.6 होता. राउंड बहुतेक तेच, खेळणारी मीच, तरी जवळजवळ तीन फटक्यांचा फरक. स्पर्धेत तीन फटके म्हणजे बक्षीस मिळणं किंवा न मिळणं. म्हणून दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून प्रत्येक राउंड हाताने मोजून पाहिला. मूळ सूत्र कुणीच चुकीचं वापरत नव्हतं. फरक होता तो सूत्रात काय घातलं जातं यात.

आधी हिशोब. 2020 पासून यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना) आणि आर अँड ए (ब्रिटनमधली नियामक संस्था) यांनी मिळून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आणली. त्याआधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती चालत होत्या. आताच्या पद्धतीत प्रत्येक राउंडचं एक डिफरेन्शियल, म्हणजे कोर्सच्या कठीणपणानुसार बेतलेला आकडा, निघतं: समायोजित स्कोअरमधून (फार बिघडलेल्या होलचे फटके मर्यादित करून आलेल्या बेरजेतून) कोर्स रेटिंग, म्हणजे निष्णात खेळाडूला तिथे लागतील असे अपेक्षित फटके, वजा करायचं, त्या दिवसाची परिस्थिती खेळाला प्रतिकूल किंवा अनुकूल ठरली असेल तर तिची दुरुस्तीही वजा करायची, उत्तराला 113 ने गुणायचं आणि स्लोप रेटिंगने (त्याबद्दल पुढे सांगते) भागायचं. शेवटच्या 20 राउंडपैकी सगळ्यात कमी 8 डिफरेन्शियलची सरासरी म्हणजे हँडिकॅप इंडेक्स. हँडिकॅप म्हणजे आपला सरासरी स्कोअर असं अनेकांना वाटतं, पण तो आपल्या चांगल्या खेळाची सरासरी आहे. त्यामुळे बहुतेक दिवशी आपण त्याहून वाईटच खेळतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

माझा एक राउंड घेऊन दाखवते. एकूण फटके 99. माझ्या टीचं (जिथून पहिला फटका मारतात त्या जागेचं) कोर्स रेटिंग 71.6, स्लोप 124, पार (कोर्सने ठरवलेले फटके) 72. क्लबच्या हिशोबात समायोजित स्कोअर 95 झाला, त्यातून 71.6 गेले की 23.4, गुणिले 113 भागिले 124, उत्तर 21.3. ॲपने 99 जसेच्या तसे घेतले होते, आणि तेवढ्या एकाच कारणाने हे उत्तर 25.0 होतं.

हे चार फटके कुठे गेले? नियम असा की हँडिकॅपसाठी कुठल्याही होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरायची: पार अधिक दोन, अधिक त्या होलवर हँडिकॅपमुळे तुम्हाला मिळणारे सवलतीचे फटके. त्या दिवशी मला 22 फटके मिळत होते, म्हणजे प्रत्येक होलवर एक आणि सगळ्यात कठीण चार होलवर आणखी एकेक. पार 4 च्या, स्ट्रोक इंडेक्स (होलच्या कठीणपणाचा क्रम, 1 सगळ्यात कठीण) 9 असलेल्या होलवर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, अडकून माझे 10 झाले. तिथे मर्यादा 4 अधिक 2 अधिक 1, म्हणजे 7. पार 5 च्या, स्ट्रोक इंडेक्स 3 असलेल्या होलवरही 10 झाले होते, तिथे मर्यादा 9. तीन आणि एक मिळून चार फटके कमी झाले. हा नियम मला मनापासून पटतो. एका बंकरने सगळ्या राउंडची किंमत ठरवू नये. पण ही मर्यादा लावायची तर ॲपला प्रत्येक होलचा स्ट्रोक इंडेक्स ठाऊक हवा, आणि तुम्ही नुसती बेरीज न भरता होलवार स्कोअर भरायला हवा. माझ्या ॲपकडे या कोर्सचे स्ट्रोक इंडेक्सच नव्हते. मग त्याने मर्यादा गुपचूप सोडून दिली, आणि तसं कुठे सांगितलंही नाही.

याहून मोठा घोळ रेटिंगचा होता, आणि स्त्री खेळाडूंनी हा भाग नीट वाचावा. एकाच टीला पुरुषांसाठी वेगळं आणि स्त्रियांसाठी वेगळं कोर्स रेटिंग असतं, स्लोपही वेगळा. रेटिंग करणारे लोक स्क्रॅच खेळाडू (हँडिकॅप शून्य असलेला निष्णात खेळाडू) डोळ्यांसमोर ठेवतात: पुरुषाचा टीवरचा फटका 250 यार्ड, स्त्रीचा 210 यार्ड. सोबत बोगी खेळाडूचाही, म्हणजे सामान्य खेळाडूचाही, विचार करतात, तिथे अंतरं 200 आणि 150 यार्ड. साहजिकच एकाच जमिनीवर आकडे निराळे येतात. आमच्या त्या टीचं पुरुषांसाठीचं रेटिंग 66.4 आणि स्लोप 114 आहे. ॲपमध्ये माझी नोंद स्त्री म्हणून असूनही त्याच्या साठ्यात या टीचे फक्त पुरुषांचे आकडे होते, आणि तेच वापरले जात होते. समायोजित 95 घेतले तरी त्या आकड्यांनी डिफरेन्शियल 28.3 येतं. खरं 21.3. सात फटक्यांचा फरक, तोही माझ्या खेळात काहीही न बदलता.

स्लोपबद्दल थोडं विषयांतर करते, कारण हा आकडा अनेकांना उगाचच गूढ वाटतो. यूएसजीएमध्ये काम करणाऱ्या डीन क्नुथ यांनी 1980 च्या दशकात ही कल्पना रुजवली. कोर्स कठीण आहे एवढं सांगून भागत नाही. तो चांगल्या खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला किती जास्त छळतो, हे कळायला हवं. म्हणून बोगी खेळाडूच्या रेटिंगमधून स्क्रॅचचं रेटिंग वजा करतात आणि स्त्रियांसाठी 4.24 ने, पुरुषांसाठी 5.381 ने गुणतात. आमच्या टीवर स्त्रियांचं बोगी रेटिंग 100.8, त्यातून 71.6 गेले की 29.2, गुणिले 4.24, म्हणजे 124. स्लोप 55 ते 155 मध्ये असतो आणि 113 हा प्रमाण धरलेला. जास्त स्लोप म्हणजे स्क्रॅच खेळाडूसाठी कोर्स जास्त कठीण, असा अर्थ होत नाही.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ती. 20 पैकी सर्वोत्तम 8 च मोजायचे असल्यामुळे चुका दोन्ही बाजूंनी सारख्या वागत नाहीत. एखादं डिफरेन्शियल चुकून जास्त आलं, तर तो राउंड आठांतून बाहेर पडतो, त्याच्या जागी पुढचा येतो, आणि आकडा थोडासाच हलतो. म्हणून ती चूक नजरेत भरत नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच घडत होतं. या कोर्सवरचे माझे सगळ्यात चांगले राउंड ॲपच्या आठांत कधी आलेच नाहीत. उलट एखादं डिफरेन्शियल चुकून कमी आलं, तर ते हमखास आठांत शिरतं आणि नवे 20 राउंड भरेपर्यंत तिथेच बसतं. मैत्रिणींसोबत खेळताना चेंडू होलजवळ आला की उचलून घेतात आणि तो अखेरचा पट कुणी मोजत नाही, तिथून अशी चूक येते. होल पूर्ण केला नाही तर जो स्कोअर होण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती तो धरायचा असतो, आणि चेंडू पाच फुटांच्या आत असला तरी एक फटका मिळवायचाच असतो.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांचीही भर पडते. परिस्थितीची दुरुस्ती वजा 1 ते अधिक 3 असते. ती त्या दिवशी त्या कोर्सवर नोंदवलेल्या सगळ्यांच्या स्कोअरवरून ठरते, आणि त्यासाठी किमान आठ ग्राह्य स्कोअर लागतात. ॲपला फक्त स्वतःचे वापरकर्ते दिसतात, त्यामुळे ते ही दुरुस्ती करूच शकत नाही. अधिक 1 च्या दिवशी वरचा राउंड 21.3 ऐवजी 20.4 होतो. नऊ होलचंही तसंच. 2024 पासून नऊ होलच्या स्कोअरला त्या इंडेक्सच्या खेळाडूकडून उरलेल्या नऊ होलवर अपेक्षित असलेल्या कामगिरीची जोड देऊन लगेच 18 होलचं डिफरेन्शियल काढतात. माझं ॲप अजून नऊ होलच्या दोन राउंडची जोडी लागायची वाट पाहतं. शिवाय वर जाण्याला लगाम आहे. गेल्या वर्षभरातल्या सगळ्यात कमी इंडेक्सच्या वर तीन फटके गेले की पुढची वाढ निम्मी होते, आणि पाचाच्या वर जाताच येत नाही. किमान इंडेक्स 15.0 असताना सरासरी 20.0 आली, तर अधिकृत आकडा 19.0 लागतो, लगाम न पाळणारं ॲप 20.0 दाखवतं. दुखापतीनंतर परत खेळायला लागलेल्यांना हा फरक हमखास दिसेल.

आणखी एक गैरसमज. इंडेक्स आणि कोर्स हँडिकॅप हे वेगळे आकडे आहेत. इंडेक्स तुमच्यासोबत सगळीकडे जातो, कोर्स हँडिकॅप त्या टीपुरता असतो: इंडेक्स गुणिले स्लोप भागिले 113, अधिक कोर्स रेटिंग आणि पारमधला फरक. माझा 20.6 आमच्या टीवर 22 होतो. ॲपच्या पद्धतीने तो 23 होतो, कारण रेटिंग आणि पारमधल्या फरकाचा भाग ते सोडून देतं. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटक्यांवर निकाल ठरणाऱ्या खेळात) यावर सहसा आणखी 95 टक्क्यांचा हिशोब लागतो, तोही वेगळाच. दोन मैत्रिणींचे आकडे जुळत नाहीत म्हणून वाद चालतो, तेव्हा पुष्कळदा एक इंडेक्स वाचत असते आणि दुसरी कोर्स हँडिकॅप.

ॲपला मी लिहिलं. रेटिंग हाताने भरण्याची सोय आहे असं उत्तर आलं, आणि ती सोय खरंच आहे, पण सेटिंगमध्ये खोल दडलेली. स्कोअरकार्डवरचे स्त्रियांचे आकडे आणि स्ट्रोक इंडेक्स भरले. जुने राउंड आपोआप बदलत नाहीत, एकेक उघडून टी पुन्हा निवडावी लागते. हे कंटाळवाणं काम मी केलं आणि आकडा 21.1 वर आला. उरलेला अर्धा फटका परिस्थितीची दुरुस्ती आणि नऊ होलचे राउंड यांचा आहे, तो माझ्या हाताने भरून निघणारा नाही.

म्हणून माझं मत असं. क्लबचं सदस्यत्व नसेल, तर आपण सुधारतो आहोत की नाही हे पाहायला ॲपचा आकडा उपयोगी आहे, फक्त टी, रेटिंग आणि स्ट्रोक इंडेक्स एकदा स्कोअरकार्डाशी ताडून घ्यावेत. स्पर्धेच्या अर्जावर मात्र राष्ट्रीय संघटनेच्या नोंदीतलाच इंडेक्स लिहावा. ॲपच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत 'अनधिकृत' असं लिहिलेलं असतं, ते ठळक असायला हवं. सुरुवातीला 54 होलचे स्कोअर झाले की अधिकृत इंडेक्स मिळतो, म्हणजे तीन पूर्ण राउंड पुरतात, त्यामुळे थांबून राहण्याचं फारसं कारण नाही. त्या टप्प्यावर सगळ्यात कमी एकाच डिफरेन्शियलमधून दोन फटके वजा होतात, म्हणून पहिला आकडा जरा कडक वाटतो, आणि राउंड वाढतील तसा तो आपल्या खऱ्या खेळाजवळ येतो.

वर्गणी मी पुढच्या वर्षीही भरणार आहे, अंतरासाठी आणि पटच्या नोंदींसाठी. हँडिकॅपचा चौकोन पहिल्या पानावरून काढता येतो, तो मी काढला आहे.