कळा असह्य झाल्यावर: एपिड्युरल की पेथिडीन?

बाई ‘आता सोसवत नाही’ म्हणाली, की ‘थोडा दम धर, माय’ हे उत्तर नव्हे. जळगाव-धुळ्यात भूलतज्ज्ञ हजर असेल तर एपिड्युरलच (पाठीच्या कण्यालगत बारीक नळीतून दिलेलं बधिरतेचं औषध) सरस: १५-२० मिनिटांत कळा बोथट होतात, बाई पूर्ण जागी राहते. मात्र रक्तदाब घसरतो. म्हणून आधी सलाईन लावा, पहिली २० मिनिटे दर ५ मिनिटांनी बीपी बघा, कुशीवर झोपवा. लघवी तुंबते, जोर देण्याचा टप्पा लांबतो. सिझेरियन वाढतं ही भीती मात्र खोटी.

नंदुरबारच्या दुर्गम धडगाव-अक्कलकुव्याकडे मध्यरात्री भूलतज्ज्ञ कुठून आणणार? तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने पेथिडीन (अफूच्या जातीचं वेदनाशामक), स्नायूत ५० ते १०० मिलिग्रॅम. आराम अर्धवट, २ ते ४ तास. वर गुंगी, उलट्या. बाळ २-३ तासांत जन्मलं तर त्याचा श्वास मंदावू शकतो, म्हणून आधी गर्भमुख किती उघडलंय ते तपासा. अंबू बॅग (बाळाला हाताने श्वास देण्याची पिशवी) हाताशी हवी.