आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा : दहा महिन्यांनंतर

व्हिसा हातात येऊन दहा महिने झाले. आई-बाबा न्यू जर्सीला भावाकडे चार महिने राहून परतही आले. अर्जाच्या वेळी साताऱ्यात बसून आम्ही ज्या काळज्या केल्या, त्यातल्या निम्म्या भलत्याच गोष्टींच्या होत्या. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचा सगळा जीव फाइलीत अडकला होता. बाबांच्या पेन्शनचे कागद, सातबारा, एफडीच्या पावत्या, घरपट्टी, भावाचं पत्र. फाइल इतकी फुगली की तिचं बटण लागेना. आणि खरा अर्ज, म्हणजे ऑनलाइन भरायचा डीएस-१६० फॉर्म, तो मात्र एका एजंटकडे सोपवून मोकळे झालो. दोघांचे मिळून आठ हजार घेतले त्याने. माणशी १८५ डॉलर सरकारी फी वेगळी, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

मुलाखतीच्या बारा दिवस आधी सहज म्हणून भरलेला फॉर्म वाचायला घेतला. ‘पूर्वी दुसरं नाव होतं का?’ या प्रश्नापुढे आईच्या फॉर्मवर ‘नाही’ होतं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. माझ्या आईचं तर पहिलंसुद्धा बदललं. दहावीच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. एजंट म्हणाला, ‘कोण बघतंय ताई!’ मला ते अजिबात पटलं नाही. फॉर्मखाली सही आईची असते, त्याची नाही.

त्या रात्री मी दोघांचे फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरले. प्रश्न सोपे आहेत, फक्त खूप आहेत: कुठे राहणार, खर्च कोण करणार, पाच वर्षांत कुठले देश पाहिले, सोशल मीडियावर कुठल्या नावाने आहात. वीस मिनिटं हात लावला नाही तर पान बंद पडतं, त्यामुळे वर दिसणारा अर्ज क्रमांक आधी वहीत उतरवा आणि दर पानाला सेव्ह करा. नवा फॉर्म म्हणजे नवा क्रमांक. ज्या ऑनलाइन खात्यातून मुलाखतीची तारीख घेतली, तिथेही तो वेळेत बदलावा लागतो, हे विसरू नका.

मुंबईत पहिल्या दिवशी फक्त फोटो आणि बोटांचे ठसे. आईचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. तिथल्या मुलीने ओला टिश्यू दिला, ‘मावशी, सावकाश दाबा’ म्हणाली. चौथ्या खेपेला उमटले. बाहेर येऊन आई कितीतरी वेळ स्वतःचे तळहात बघत होती.

दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून दोघांचे फोन घेऊन मी बाहेर उभी. बाबा सांगतात, तीन-चारच प्रश्न झाले: कोणाकडे चाललात, मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, इथे घरी कोण आहे. सगळं हिंदीत. फाइल उघडायलाही सांगितली नाही. समोरच्याचे प्रश्न फॉर्मवरूनच येत होते आणि दोघांनी जे खरं ते सांगितलं. अजून कोणी विचारलं तर मी हेच सांगते: कागद न्या, पण आई-बाबांना शेजारी बसवून फॉर्म स्वतः भरा. आमच्या शेजारच्या आजी ऐंशी पार आहेत. त्या वयाला पूर्वी मुलाखतीतून सूट मिळायची, २ सप्टेंबर २०२५ पासून ती बहुतेक बंद झाली. त्यांचाही फॉर्म मीच भरला, एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवत.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. पण दहा वर्षं म्हणजे तिथे राहण्याची मुदत नव्हे. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. भावाने दुसऱ्याच दिवशी ती ऑनलाइन काढून फ्रिजवर चिकटवली. विम्याची सक्ती नाही, तरी तो घ्याच. बाबांना शुगर आहे, त्यामुळे आधीपासूनच्या आजाराचं कलम मी दोनदा वाचून घेतलं.

आता बाबांचा पासपोर्ट संपत आलाय. नवा काढला तरी जुन्यातला व्हिसा चालतो, फक्त प्रवासात दोन्ही जवळ हवेत. आईने त्यासाठी कापडी पिशवी शिवून ठेवली आहे, दोन पासपोर्ट मावतील एवढी.