ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी एमव्हीडी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. त्यासाठीच्या एमव्हीडी (मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन, म्हणजे नसेवर टेकलेली रक्तवाहिनी सोडवणं) या ऑपरेशनला बरेच महिने झालेत आणि गोळ्या पूर्ण बंद आहेत, म्हणून आता लिहितेय. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसती आरती ओवाळली असती.

त्रास उजव्या गालात आणि खालच्या जबड्यात. दात घासताना, घास चावताना, कधी नुसता वारा लागला तरी करंट बसल्यासारखी कळ. कळ काही सेकंदांचीच, पण पुढची कधी येईल या धास्तीत अख्खा दिवस जायचा. कार्बामाझेपिन या गोळीनं आधी छान गुण आला. मग डोस वाढत गेला, गुंगी आली, चालताना तोल जाऊ लागला, रक्तातलं सोडियम उतरलं.

या दुखण्यात बऱ्याचदा मेंदूच्या देठाजवळ पाचव्या क्रेनिअल नर्व्हवर (चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस) रक्तवाहिनी टेकलेली असते, बहुतेकदा सुपिरिअर सेरेबेलर धमनी. तिच्या सततच्या ठोक्यांनी नसेचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही वेदना होऊन पोचतो. एमव्हीडीत कानामागे कवटीला छोटं भोक पाडून, मायक्रोस्कोपखाली ती धमनी सोडवतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा बसवतात. नस कापत नाहीत की जाळत नाहीत, आणि माझं मन तिथेच वळलं. रेडिओफ्रिक्वेन्सी (सुईतून उष्णता), बलून (फुग्यानं दाब), गामा नाइफ (किरणांचा मारा) या दुसऱ्या उपायांत नसेला थोडी इजा करूनच कळ थांबवतात, त्यामुळे चेहरा बधिर होऊ शकतो. अर्थात कवटी उघडावी लागत नाही. मोठी भूल झेपणार नसेल तर तेच मार्ग बरे.

शुद्धीवर आले तेव्हा कळ नव्हती. डोकं मात्र सणकून दुखत होतं, मान आखडलेली, आणि कान पाणी गेल्यासारखा दडपलेला. ऐकू येण्याची नस अगदी शेजारीच असते, त्यामुळे ऑपरेशनभर तिच्यावर यंत्रानं लक्ष ठेवतात. माझी श्रवणचाचणी नंतर ठीक आली. टाक्यांमागची जागा अजून बधिर आहे. नाकातून किंवा जखमेतून पाण्यासारखा द्रव आला तर थांबू नका, लगेच कळवा, असं घरी सोडताना बजावलं होतं. तसं काही झालं नाही. गोळ्या हळूहळूच उतरवल्या. सगळ्यात चिवट निघाली ती सवय : कळ गेली तरी मी कित्येक आठवडे डाव्याच बाजूनं चावत होते!

हे ऑपरेशन रूढ करणाऱ्या पीटर जॅनेटा यांच्या गटानं १९९६ साली हजाराहून अधिक रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. १० वर्षांनंतर सुमारे ७० टक्के लोक गोळ्यांविना कळमुक्त होते, आणि दुखणं परतलं त्यांतल्या बहुतेकांचं पहिल्या २ वर्षांतच परतलं. म्हणजे मी अजून त्या मुदतीच्या आतच आहे. तरी आज विचाराल तर हे ऑपरेशन मी पुन्हा करून घेईन.

सगळ्यांनी करावं असं मात्र नाही. एमआरआयमध्ये नसेला टेकलेली धमनी काही त्रास नसलेल्या माणसांतही दिसते. कळ झटक्यांची नसून सतत आग-ठणका असेल, तर गुण येण्याची शक्यता कमी असते. तेव्हा तारीख ठरवण्याआधी आपल्या दुखण्याचा प्रकार न्यूरोसर्जनला नीट सांगा आणि अशी किती ऑपरेशनं केलीत हेही न लाजता विचारा.