दाढेचं इम्प्लांट : सात-आठ महिने चावून झाल्यावर

खालची डावी दाढ काढल्यावर तीन पर्याय समोर आले. काढता-घालता येणारा दात मी तिथेच बाद केला; एका दाढेपायी रोज रात्री वाटी भरून ठेवायची माझी तयारी नव्हती. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात, लवकर होतो, स्वस्तही पडतो. पण त्यासाठी शेजारचे दोन्ही दात तासून बारीक करावे लागतात, आणि माझे दोन्ही ठणठणीत. त्यांच्यावर आधीच कॅप असती तर मी ब्रिजच केला असता.

मग इम्प्लांट. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर झिर्कोनिया या सिरॅमिकची कॅप. ब्रॉनेमार्क या स्वीडिश डॉक्टरांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला असे स्क्रू बसवले, म्हणजे प्रकार तसा जुना आहे. भूल दिल्यामुळे दुखलं नाही, ड्रिलचा आवाज तेवढा डोक्यात जातो. खरी परीक्षा नंतरची : हाडाने स्क्रू धरेपर्यंत काही महिने एकाच बाजूने जेवायचं.

आता ज्वारीची भाकरी, बाकरवडी, मिसळीवरचं फरसाण, सगळं चालतं. पण या दाढेला जाणीव नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ पडदा असतो, त्यामुळे दाब कळतो. इम्प्लांटला तो नसतो. भातात खडा आला तर उजवीकडे लगेच कळतं, डावीकडे कर्रकन वाजल्यावर. म्हणून सुपारी आणि चिक्की उजवीकडेच.

दुसरी कटकट अन्न अडकण्याची. स्क्रू मुळापेक्षा बारीक, वर कॅप रुंद. खाली फट राहते आणि मेथीची भाजी तिथे मुक्काम ठोकते. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी सुजली तर हाड झिजतं. त्यामुळे रात्री फटीतला छोटा ब्रश फिरवायचाच. ज्यांना साधा ब्रशही दोनदा करायचा कंटाळा, त्यांनी यात पैसे घालू नयेत. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा. सिगारेटवाल्यांचं तर विचारूच नका.

पुण्यात कोथरूडपासून कॅम्पापर्यंत दर विचारलेत तर चक्रावून जाल. आकड्यात स्कॅन, स्क्रू आणि कॅप तिन्ही धरलंय का, हे आधी विचारा. धनकवडीच्या भारती विद्यापीठासारख्या डेंटल कॉलेजातही चौकशी करा. अशा ठिकाणी खर्च कमी, हेलपाटे जास्त. आणि स्क्रूच्या कंपनीचं नाव व लॉट नंबर असलेलं कार्ड मागून घ्या. उद्या कॅप सैल झाली आणि डॉक्टर बदललेला असला, तर नव्या डॉक्टरला नेमकं तेच लागतं.