गळणारी स्टोमा बॅग: सपाट प्लेट की फुगीर?

बाबांची इलिओस्टोमीची (लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढायच्या शस्त्रक्रियेनंतरची, मल गोळा करणारी) बॅग रात्री गळायची, तेव्हा आम्ही चिकटपट्ट्याच वाढवत राहिलो. चूक प्लेटच्या, म्हणजे बॅग त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीच्या, निवडीत होती.

स्टोमा, म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड, त्वचेच्या नीट वर आलेला असेल तर सपाट प्लेट उत्तम: मऊ असते, वाकताना टोचत नाही. पण तो त्वचेच्या पातळीत किंवा आत ओढलेला असेल, तर पातळ मल प्लेटखाली शिरतो आणि त्यातल्या पाचकरसांनी कातडी सोलवटते. फार आग होते हो. तिथे फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स प्लेट भोवतालची त्वचा दाबून स्टोमा वर आणते. बाबांना तीच लागू पडली. मात्र दाबाने व्रण होऊ शकतो. हर्निया असेल तर स्टोमा नर्सला विचारल्याशिवाय नकोच.

भोक दोन्हींत स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं कापा.